पुण्याजवळच्या कुंभाराने बसविलेले नाक

आपल्या मराठी भाषेने शरीराच्या सगळ्या अवयवांत नाकालाच सर्वांत जास्त राबवून घेतले आहे. कोणाचे नाक वर असते, कोणाचे कापले जाते, कोणी नाक मुठीत धरून शरण जातो, कोणाच्या नाकी नऊ येतात. आणि नकटीच्या लग्नाला तर सतराशे विघ्ने ठेवलेलीच. कानाला किंवा हनुवटीला एवढा मान नाही. अब्रू जाणे याला 'नाक कापले' म्हणणारा समाज ज्या काळी खरोखरच माणसांची नाके कापीत होता, त्या काळची ही हकीकत आहे. कापलेले नाक पुन्हा बसवून देणारे हातही त्याच समाजात होते, म्हणून ती या व्यासपीठावरून सांगावीशी वाटली.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच; पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, कोर्टाच्या ओट्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी माझ्याकडे ऊसतोड कामगारांच्या लढ्याचा इतिहास मागितला होता. मी नाकाचा विषय दिला तेव्हा ते जरा चपापले. परंतु हा विषय मला कामगारांतच सापडला, पुस्तकात नव्हे.

काही वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात धारूरकडचा एक गाडीवान, आमच्या संघटनेचा सभासद, भरलेली टायरगाडी चढावर उलार होऊन जखमी झाला. जू वर उसळले आणि शिवळ तोंडावर बसली; नाकाची एक बाजू जवळजवळ नाहीशी झाली. महिनाभर जखम चिघळली. शेवटी एका सरकारी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. मी भेटायला गेलो तर त्याचे रूप पाहून मागे सरलो. कपाळावरची कातडी सोलून खाली वळविलेली, भुवयांच्या मधोमध तिचा एक जाड देठ, आणि तो देठ उतरून नाकावर चिकटलेला. त्याच्या बायकोने तर पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता. तेथील तरुण डॉक्टरांनी मला समजावले, "घाबरू नका. तीन आठवड्यांनी हा देठ कापू. हे आमचे नाही, जुने आहे. जगभर याला भारतीय पद्धत म्हणतात, आणि ती पुण्याहून गेली." मी विचारले, पुण्याच्या कोणत्या डॉक्टरांची? ते हसून म्हणाले, "डॉक्टर कसला, कुंभार होता म्हणतात."

त्या एका वाक्याने मला दोन वर्षे झोपू दिले नाही. शब्दकोश उशाशी घेऊन जे वाचले, ते आता आपल्यापुढे ठेवतो.

१७९० साली इंग्रज, पेशवे आणि निजाम या तिघांनी मिळून म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध लढाई सुरू केली. ती १७९२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने संपली. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात, म्हणजे आपले वाडवडीलही त्या लढाईच्या एका बाजूला होतेच. (पुढे तीनच वर्षांनी, १७९५ साली, आपल्या जिल्ह्याच्या शिवेलगत खर्ड्याला मराठे आणि निजाम एकमेकांवर तुटून पडले. राजांची दोस्ती ही अशीच असते.) या लढाईच्या वर्णनांत सेनापतींची नावे भरपूर सापडतात: कॉर्नवॉलिस, ॲबरक्रॉम्बी, हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन. परंतु लढाई खरोखर कोणाच्या जिवावर चालली होती? बैलांच्या. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तटाखाली येऊन पोहोचला आणि तसाच परत फिरला, कारण बैल मेले, दाणागोटा संपला आणि भिंती फोडण्याच्या अवजड तोफा ओढणार कोण हा प्रश्न उभा राहिला. त्या तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या. मराठ्यांच्या फौजा आणि बंजाऱ्यांचे तांडे येऊन मिळाले तेव्हा त्याच्या सैन्याच्या पोटात अन्न पडले. ज्याने बैल हाकणारा माणूस पकडला त्याने शत्रूची तोफच पकडली, असा तो हिशेब होता.

अशाच एका गाडीवानाला टिपूच्या लोकांनी कैद केले. त्याचे नाव इंग्रजी कागदात कावसजी असे आहे आणि तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. म्हणजे आपण ज्याला कुणबी म्हणतो तो. आता कावसजी हे नाव पारशांत चालते, कुणब्यांत नव्हे. साहेबाच्या कानाने ऐकलेले आणि साहेबाच्या लेखणीने उतरविलेले हे नाव आहे. त्याची आई त्याला काय म्हणत असेल ते आपण मनात समजावे. कैदेत त्याचे नाक कापण्यात आले आणि एक हातही तोडण्यात आला. मग त्याला सोडून दिले. अशा माणसाला ठार न मारता परत पाठविण्यात एक हेतू असतो. तो छावणीत फिरला की बाकीच्या गाडीवानांनी त्याचे तोंड पाहावे आणि बैल सोडून घरचा रस्ता धरावा.

येथे कोणी टिपूच्या धर्माकडे बोट दाखवील म्हणून सांगतो, की हा उद्योग कोणा एकाचा नव्हता. नेपाळात गुरख्यांच्या राजाने १७६० च्या दशकात कीर्तिपूर जिंकले तेव्हा तेथील लोकांची नाके कापली. कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बादशहाचे, दुसऱ्या जस्टिनियनचे, नाक ६९५ साली त्याच्याच ख्रिस्ती प्रजेने कापले. आणि आपल्याच नाशिकला पंचवटीत शूर्पणखेचे नाक कोणी कापले ते लहान मुलालाही ठाऊक आहे. तेथे तर गावाचे नावही त्या नाकावरून पडले असे लोक सांगतात.

कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या इंग्रज फौजेत परत आला. कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन बांधून दिले. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग, म्हणजे १७९३ च्या सुमारास, पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. तो माणूस वीट बनविणाऱ्या जातीचा होता, असे इंग्रजी कागद म्हणतो. विटा भाजणारा म्हणजे आपला कुंभार.

हा कागद म्हणजे लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापलेले एक पत्र. खाली सही फक्त दोन अक्षरांची आहे. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन वैद्यकीय गृहस्थांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली असा त्यात दाखला आहे. छापणाऱ्याने फिंडलेचे ट्रिंडले केले आहे, ते असो. पत्रात शस्त्रक्रियेची जी पद्धत दिली आहे ती माझ्या शब्दांत सांगतो.

प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवायचा आणि बोटांनी चांगले नाक घडवायचे. मग तो पत्रा उलगडून सपाट करायचा, कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. त्या रेघेवरून कातडी कापून सोलायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. नाकाच्या जुन्या जखमेचा निबर झालेला काठ खरवडून ताजा करायचा, आणि त्याच्या मागे, नाकपुड्यांभोवती व वरच्या ओठाच्या अंगाने, एक खाच घ्यायची. आता कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिचे काठ त्या खाचेत बसवायचे. वर कातात भिजविलेल्या कापडाच्या पाचसहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस याखेरीज दुसरा उपचार नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजविलेले कापड. पाचसहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या, भोके बुजू नयेत म्हणून. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो देठ कापून मोकळा करायचा व आकार नीट करून घ्यायचा.

कातासंबंधी एक गंमत सांगितली पाहिजे. मूळ पत्रात त्याला 'जपानची माती' असे नाव आहे. मी चार दिवस जपानची माती पुण्याच्या कुंभाराकडे कशी आली याचा शोध करीत बसलो होतो. मग कळले की युरोपातील व्यापाऱ्यांनी खैराच्या काताला चुकून ते नाव दिले होते. आपण विड्यात खातो तोच हा कात! तो तुरट असतो, कातडी आखडून धरतो आणि वाळला की चिकटतो.

आता या सगळ्यात मर्माची गोष्ट कोणती? मर्म आहे त्या देठात. कातडीचा तुकडा पूर्ण कापून दुसरीकडे चिकटविला तर, फार पातळ नसेल तर, तो रक्तावाचून सडतो. परंतु एका बाजूने तो जुन्या जागेशी जोडलेला ठेवला, तर त्या वाटेने त्याला रक्त मिळत राहते. दरम्यान नव्या जागेच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात, आणि तीन आठवड्यांनी त्याला जुन्या घरची गरज उरत नाही. आपल्यात ज्यांची आंब्याची बाग आहे त्यांना हे सांगायला नको. हे भेटकलम आहे. भेटकलमात मातृवृक्षाची फांदी झाडावरच ठेवून रोपाला बांधतात, आणि जोड एकजीव झाला म्हणजे मगच ती झाडापासून तोडतात. कपाळ हा मातृवृक्ष, नाकाचा बुंधा हे रोप. आजचे शल्यवैद्य या देठ राखलेल्या कातडीला फ्लॅप म्हणतात; मी पाकळी म्हणतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या वर एक लहान धमनी कपाळात चढते, तिच्यावर ही पाकळी जगते. कुंभाराने त्या धमनीचे चित्र कधी पाहिले नसेल. पण देठ कोठे राखावा हे त्याला बरोबर माहीत होते, आणि किती दिवस राखावा हेही. त्याचे पंचवीस दिवस आणि आजच्या रुग्णालयातील तीन आठवडे यांत अंतर ते किती!

यावर कोणी म्हणेल, हे तर सुश्रुताचेच. व्याख्यानांतून मी हे पुष्कळदा ऐकले आहे: सुश्रुत झाला, मग कावसजी झाला, आणि मग जग आपल्यापुढे नमले. मला सुश्रुताचा अभिमान आहेच. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याचा विधी स्पष्ट आहे. झाडाचे पान नाकाएवढे कापून माप घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी देठ राखून उचलावी, नाकाचा काठ खरवडून तेथे ती बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्या, वर पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, कापूस ठेवून तिळाचे तेल शिंपावे. विद्यार्थ्याने आधी कोहळा, भोपळा, काकडी यांवर कापण्याचा सराव करावा असेही त्या ग्रंथात सांगितले आहे, म्हणजे हातावर बसलेल्या विद्येचे मोल त्याला ठाऊक होते. परंतु सुश्रुताने पाकळी गालाची सांगितली, आणि पुण्याच्या माणसाने ती कपाळाची घेतली. हा फरक लहान नव्हे. गालाची घेतली तर गालावर व्रण राहतो आणि ओठ-पापणी ओढली जाण्याची भीती असते. कपाळाची कातडी जाड, ताठ, रंगाने नाकाशी मिळती, आणि रक्ताने समृद्ध. ही सुधारणा केली ती ग्रंथ लिहिणाऱ्यांनी नव्हे, चाकू चालविणाऱ्यांनी. ग्रंथ पाठ करणाऱ्या वैद्यांच्या घरातून चाकू केव्हाच बाहेर पडला होता. रक्ताचा विटाळ मानणाऱ्या समाजात तो न्हाव्याच्या धोकटीत आणि कुंभाराच्या आव्यावर जाऊन राहिला. हिमालयाच्या पायथ्याशी कांगड्यातही काही घराण्यांत हीच कला बापाकडून मुलाकडे चालत आली होती. सुश्रुतापासून कावसजीपर्यंत उडी मारणारे वक्ते मधल्या या शेकडो वर्षांच्या हातांना विसरतात, आणि ते हात कोणत्या जातींचे होते हे विसरण्यात त्यांची सोयही असते.

कुंभारच का, याचा मी माझ्यापुरता विचार केला आहे. सपाट पत्र्यातून फुगीर वस्तू करणे हे शिंप्याचे, तांबटाचे आणि कुंभाराचे कोडे आहे. नाक सपाट नसते. ते तीन बाजूंनी उतरते आणि खाली दोन भोकांवर टेकते. असा आकार सपाट कातडीतून काढायचा तर आधी तो उलगडून पाहावा लागतो. मेणाचा पत्रा बसवून मग सपाट करणे ही युक्ती ज्याची बोटे रोज मातीला वळण देतात त्याला सुचणे स्वाभाविक आहे. शिवाय ओली माती वाळताना किती आखडते याचा अंदाज कुंभाराला असतो, आणि कातडीही आखडते.

युरोपात ही विद्या मुळीच नव्हती असे नाही. सिसिलीत पंधराव्या शतकात ब्रांका नावाचे बापलेक नाके करून देत. बोलोन्याचा तालियाकोत्सी याने १५९७ साली त्यावर मोठा ग्रंथ छापला. त्याची पाकळी दंडाची असे; म्हणजे रोग्याने आपला हात डोक्यावर बांधून, दंड नाकाला लावून, आठवडेच्या आठवडे राहायचे. अशी शिक्षा कोण भोगणार? त्याच्यामागे ती कला तिकडे लोपली, इतकी की पुढे पुष्कळ लोक ती दंतकथाच समजू लागले.

म्हणून १७९४ चे ते पत्र लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने वाचले तेव्हा तो चकित झाला. तो घाईचा माणूस नव्हता. प्रेतांवर सराव करीत आणि योग्य रोगी मिळण्याची वाट पाहत त्याने वीस वर्षे काढली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. ते १८४६ साली आले. दुसरा रोगीही लष्करातलाच, लढाईत तोंडावर तलवारीचे वार झेललेला. दोन्ही नाके लागली. १८१६ साली कार्प्यूने आपले पुस्तक छापले, आणि १८१८ साली बर्लिनच्या ग्राफेने आपले. ग्राफेने या कलेला नाव दिले ते 'ऱ्हिनोप्लास्टिक'. ग्रीक भाषेत नाक घडविणे. त्यातूनच पुढे प्लास्टिक सर्जरी हा शब्द रूढ झाला. बाजारातल्या प्लास्टिकचा त्यात काही संबंध नाही, ते तर नंतर जन्मले. घडविणे, मातीला आकार देणे, हाच त्या शब्दाचा अर्थ; आणि सुरुवात कुंभारापासून झाली हा योगायोग मला फार आवडतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. जुनागडला त्रिभुवनदास मोतीचंद शहा या डॉक्टरांनी १८८९ साली आपल्या शंभर नाकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इंदूरच्या कीगन साहेबाने १९०० साली पुस्तक लिहून एक खोट सुधारली: कपाळाच्या पाकळीला आतून अस्तर नसल्यामुळे नवे नाक आखडत जाई, त्याने नाकाच्या वरच्या भागाची कातडी खाली उलटवून ते अस्तर दिले. पहिल्या महायुद्धात खंदकांतून हजारो तरुण फुटकी तोंडे घेऊन परतले, तेव्हा इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज याने १९१७ साली पाकळीचा देठ नळीसारखा शिवून बंद करण्याची युक्ती काढली. ओदेसाच्या फिलातोव्हने ती एक वर्ष आधी स्वतंत्रपणे काढली होती. या नळीमुळे पोटाची कातडी टप्प्याटप्प्याने तोंडापर्यंत चालवीत नेता येऊ लागली.

त्याच गिलीजच्या हाताखाली शिकून डॉ. नोशीर अंतिया पुण्यास आले, आणि कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जाऊन काम करू लागले. येथे मला थांबावेसे वाटते. कुष्ठरोगात नाकाची कातडी जात नाही. आतले अस्तर आणि कूर्चा झडून नाक खाली बसते. रोग बरा झाला तरी तोंड तसेच राहते, आणि गाव तोंड पाहून निकाल देते. औषधाने जंतू मेले हे कोणाला दिसत नाही, बसलेले नाक सर्वांना दिसते. त्या नाकाला आतून कातडीचे अस्तर देऊन ते पुन्हा उभे करणे म्हणजे माणसाला गावात परत पाठविणे. श्रीमंतांच्या सुरकुत्या काढून पैसा करता येईल अशी विद्या शिकून आलेला माणूस कोंढव्याला गेला, याला मी चारित्र्य म्हणतो. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला. नागपूरला डॉ. बालकृष्णन यांनी १९५८ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. म्हणजे पुण्याहून निघालेली पाकळी लंडनला रुजून पुन्हा महाराष्ट्रात आली.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो.

कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले. हा वेल्स कोण? पुण्यात राहून सवाई माधवरावांचे, नाना फडणविसांचे, महादजी शिंद्यांचे चित्र काढणारा. पेशवे आणि गाडीवान एकाच कुंचल्याखाली आले, ही त्या नाकाचीच किमया. त्या चित्रावरून ताम्रपट्ट कोरणारा नटर, त्याचे नाव आपल्याला माहीत आहे. पाहणारे दोघे, त्यांची नावे माहीत आहेत. वीस वर्षांनी नक्कल करणारा कार्प्यू, त्याचे नाव प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात आहे. ज्याचे नाक कापले त्याचे, वाकडेतिकडे का होईना, नाव आहे. फक्त ज्याने नाक बसविले त्याचे नाव कोणी विचारले नाही. त्याची जात लिहिली आणि काम भागले. पुढे काही लेखकांनी त्याला 'कुमार' म्हटलेले आढळते. 'कुम्हार' या जातिवाचक शब्दाचेच ते विशेषनाम झाले असावे.

काळ तसा होता, असे कोणी सांगू नये. त्याच वेळी, त्याच पुण्यात, इंग्रज वकील मॅलेटच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा कारागीर चित्रकार होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली आणि ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याचे नाव मॅलेटने नोंदवून ठेवले. म्हणजे देशी कारागिराचे नाव लिहिण्याची रीत होती. तांबटाचे लिहिले, कुंभाराचे राहिले. पत्र लिहिणाऱ्याने आपले नाव दोन अक्षरांत झाकले, पण ती त्याची खुशी. कुंभाराला कोणी विचारलेच नाही.

संघटनेच्या कामात मला हजेरीपट पाहावे लागतात, त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटत नाही. आमच्या ऊसतोडीत नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाच्या वहीत उचल लिहिली जाते ती कोयत्यावर. बाईचे नाव कित्येकदा कोठेच नसते. ती कापते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, आणि वहीत ती म्हणजे अर्धा कोयता. उद्या ऊसतोडीचा इतिहास लिहिणाऱ्याला कारखान्यांची आणि अध्यक्षांची नावे मिळतील.

कावसजीच्या निवृत्तिवेतनाचेही तसेच. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. त्याच्या पहिल्या परिशिष्टात पूर्ण व कायमचे अपंगत्व मानलेल्या इजांची यादी होती. दोन्ही हात जाणे, दृष्टी जाणे, आणि त्यांच्याच रांगेत चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता, शंभर टक्के. हात शाबूत असला तरी तोंड गेलेल्या माणसाला काम कोणी देत नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते. आमच्या धारूरच्या गाडीवानासाठी मी हे परिशिष्ट घेऊन पुष्कळ हिंडलो. कारखाना म्हणाला, तो आमचा नोकर नाही, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणाला, माझी उचल फिटायची आहे, तीच आधी द्या. कंपनी सरकारने शंभर वर्षे हिंदुस्थान लुटला हे खरे. पण आपला गाडीवान आपला आहे एवढे तिने १७९२ साली नाकारले नाही.

देठ कापल्यावर दोन महिन्यांनी तो गाडीवान मला भेटायला कचेरीत आला. नाक थोडे जाड होते, कपाळावर अंगाऱ्याच्या बोटासारखी उभी रेघ होती. बायको बरोबर होती आणि या वेळी तिने पदर ओढला नव्हता. मी त्याला कावसजीची ही सगळी हकीकत सांगितली. बैल कोणत्या जातीचे होते, हात कोणता तोडला, अशा गोष्टी तो विचारीत होता आणि मला उत्तरे देता येत नव्हती. शेवटी म्हणाला, "भाऊ, त्या कुंभाराचं नाव काय व्हतं?"

मी सांगितले, कोणी लिहून ठेवले नाही.

त्याला ते पटले नाही. "असं कसं? पुण्याच्या कुंभारवाड्यात इचारलं तर घावंल की. कुणाचा तरी पणजा आसंलच."

पुढच्या खेपेला संघटनेच्या कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा कसब्यातल्या कुंभारवाड्यात खरोखरच चक्कर टाकली. बरेच लोक आता मुंढव्याकडे केशवनगरला गेले आहेत. एका ओसरीवर पणत्यांचा ढीग होता आणि एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या कडा बोटाने सारख्या करीत बसले होते. मी त्यांना नाकाची गोष्ट सांगितली. त्यांनी काम न थांबविता शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग विचारले, "मेणाचा पत्रा आधी बसवला म्हणता? बरोबर आहे. तसंच करावं लागतं."